ब्रेकच्या जोड्याची कुळकथा

गेल्या वर्षी आमच्या डेहराडूनच्या कार्यालयात माझ्या मेजावर एक लहानशी फाईल आली. विषय अगदी साधा होता : कार्यालयाच्या दोन मोटारींच्या पुढील चाकांचे ब्रेक-पॅड बदलणे. सोबत तीन दुकानदारांचे दर जोडलेले होते आणि सर्वांत कमी दर व सर्वांत अधिक दर यांत जवळजवळ तिपटीचे अंतर होते. खरेदी समितीने सही करावयाच्या प्रमाणपत्राचा मसुदा तयार करणे हे माझे काम. त्या प्रमाणपत्रात एक ठराविक वाक्य असते : माल हव्या त्या वर्णनाचा व हव्या त्या प्रतीचा आहे, दर बाजारभावाप्रमाणे आहे व विक्रेता विश्वासू आहे, अशी समितीची खात्री झाली आहे. हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा लिहिले असेल. खुर्च्यांसाठी लिहिले, पंख्यांसाठी लिहिले, कपाटांच्या कुलपांसाठीही लिहिले. त्या दिवशी मात्र लेखणी अडली. खुर्ची मोडली तर माणूस फार तर जमिनीवर बसतो. या मोटारी आठवड्यातून दोनदा मसुरीचा घाट चढतात आणि उतरतात.

आमच्या मोटारींची देखभाल करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. सेवेतून निवृत्त झाले तरी कार्यालय त्यांना अधूनमधून बोलावते. तिन्ही दरपत्रके त्यांच्यापुढे ठेवून मी विचारले, “मिस्त्रीजी, यांतले चांगले कोणते?” त्यांनी कागदांकडे पाहिलेही नाही. म्हणाले, “बाबूजी, पहले यह बताइए, गाड़ी पहाड़ पर जाएगी या शहर में ही घूमेगी?” एवढे बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली, व ती बराच वेळ थांबली नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी या विषयाच्या इतिहासात शिरलो. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी आता मोटार ही काही नवलाची वस्तू राहिलेली नाही. दर दोन-तीन वर्षांनी पॅड बदलण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो आणि दुकानदार पुढे करील तो डबा आपण उचलतो. त्या डब्यामागे सव्वाशे वर्षांची हकीकत आहे, आणि ती केवळ यंत्राची नाही.

ब्रेकचे मूळ स्वरूप म्हणजे लाकडाचा ठोकळा. बग्गीच्या किंवा गाडीच्या लोखंडी धावेवर तो दांडीने दाबावयाचा. लाकूड झिजे व चाक मंदावे. आपल्याकडील बैलगाडीला बहुधा तेवढेही साधन नसे. उतारावर बैलांनीच मानेवर भार घ्यावा आणि मागून चालणाऱ्या पोराने हातात दगड तयार ठेवून, गाडी थांबली की चाकाला उटी लावावी, ही रीत. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. तोवर घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून कोकणात उतरत असे. त्याच घाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली, तेव्हा सदतिसास एक अशा चढावावर सुटलेली गाडी अडविण्यासाठी मुद्दाम उलट्या चढाचे फाटे बांधावे लागले. घाट चढणे ही बळाची बाब आहे. घाट उतरण्याला विचार लागतो, हे सह्याद्रीच्या आश्रयाला राहिलेल्यांना निराळे सांगावयास नको.

मोटारीच्या ब्रेकच्या इतिहासाचा आरंभ मात्र एका स्त्रीच्या धाडसाने होतो. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ या बाईंनी, पती कार्ल बेंझ यांना न सांगता, त्यांनी बनविलेली तीन चाकांची मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइम हे आपले माहेर गाठले. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कोणीच केला नव्हता. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बाईंनी ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधविक्याकडून ते घेतले. परंतु आपल्या विषयाशी संबंध असलेला प्रसंग निराळाच आहे. डोंगराळ भागात उतरणीवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले. तेव्हा बाईंनी वाटेतल्या एका गावी चांभाराला गाठले आणि ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. झिजणारा भाग मूळ ब्रेकपासून वेगळा ठेवावा, म्हणजे तो झिजला की तेवढाच बदलता येतो, ही कल्पना त्या चांभाराच्या हातून प्रथम मोटारीला लागली. आज आपण जे पॅड बदलतो, त्यांचे तत्त्व तेच.

यानंतर नऊ वर्षांनी इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हीच गोष्ट पुन्हा एकदा घडली. तो भाग डोंगराळ. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले की उतारावर शेतकरी गाड्यांच्या ठोकळ्यांना जुने बूट बांधतात, म्हणजे चाक अधिक चांगले धरले जाते. त्या बुटांवर विचार करून त्याने कापडाचे थर चिकट द्रव्यांत मुरवून ब्रेकची अस्तरे बनविण्यास १८९७ साली सुरुवात केली. आपल्या आडनावाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथ हिच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्याने मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. ब्रेकच्या अर्धगोल भागाला इंग्रजीत ‘शू’, म्हणजे जोडा, म्हणतात. त्या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो. चांभाराचे चामडे आणि शेतकऱ्याचे बूट पाहता तो शब्द या वस्तूला शोभतो खरा.

दरम्यान चाकच बदलले. हवा भरलेले रबरी टायर आल्यावर धावेवर ठोकळा दाबणे अशक्य झाले आणि ब्रेक चाकाच्या आत, तुंब्याजवळ सरकला. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी पिंपासारख्या गोल ड्रममध्ये आतून फाकणारे दोन जोडे बसविले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी दोन बाजूंनी चिमटीत धरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पण लँचेस्टर यांनी पकडीला तांब्याचे अस्तर लावले होते. त्याचा कर्कश आवाज होई आणि धुळीच्या रस्त्यांवर ते फार लवकर झिजे. तबकडी मागे पडली आणि ड्रमने पन्नास वर्षे राज्य केले. १९२१ साली अमेरिकेत ड्युसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक आले, तेही ड्रमचेच. आपल्याकडील पहिल्या अँबॅसिडर मोटारींना, ज्यांतून सरकारी अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या हिंडल्या, चारही चाकांना ड्रमच होते.

येथे क्षणभर थांबून ब्रेकचे काम काय, हे पाहणे इष्ट होईल. ब्रेक वेग नाहीसा करीत नाही. तो त्याची उष्णता करतो. हजार किलोची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असता एकदा थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे सहाशे ग्रॅम पाणी उकळीला येईल. हे झाले सपाटीवर. मसुरीहून डेहराडूनला येताना मोटार सुमारे तेराशे मीटर खाली उतरते. इंजिनाने व हवेने काहीच भार घेतला नाही असे धरले, तर ब्रेकवर पडणारी उष्णता अशा साठांहून अधिक थांब्यांइतकी, म्हणजे अडतीस लिटर पाणी उकळण्याइतकी होते. आणि ती चार चाकांवरील तळहाताएवढ्या अस्तरांवर व त्यांना घासणाऱ्या लोखंडावर येते. चामडे अशा उष्णतेत करपते आणि कापूस जळतो. अस्तर तापले की त्याची पकड ढिली पडते. पायाखाली पट्टी घट्ट लागते, पण मोटार थांबत नाही. ड्रमला आणखी एक खोड आहे : तापला की तो फुगून जोड्यांपासून दूर जातो. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

या उष्णतेवरचा उपाय म्हणून १९०८ च्या सुमारास फ्रूडच्या कारखान्यात एक अद्भुत वाटणारा पदार्थ आला : ॲस्बेस्टॉस. हा खरे म्हणजे दगड. पण त्याचे धागे निघतात, धाग्यांचे कापड विणता येते, ते जळत नाही, आणि स्वस्तही पडते. पितळी तारेबरोबर विणलेले ॲस्बेस्टॉस ब्रेकला लावले आणि अस्तराचा प्रश्न सुटला, असे जगाला वाटले. पुढील सुमारे सत्तर वर्षे बहुतेक मोटारी, ट्रक व बसगाड्या या दगडी धाग्याच्या बळावर थांबत राहिल्या. त्यामुळे किती अपघात टळले असतील याची गणतीच नाही. ही बाजू सांगितल्यावाचून पुढची बाजू सांगणे न्याय्य होणार नाही.

पुढची बाजू अशी. १९२४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी ॲस्बेस्टॉसचे सूत काढणारी नेली कर्शॉ ही कामगार स्त्री वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसांत दगडी कण पाहिले आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. १९३० साली मेरेवेदर व प्राइस यांनी सरकारला अहवाल सादर केला : तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या फुप्फुसांत हा रोग आढळला होता, आणि जितकी वर्षे नोकरी अधिक तितके प्रमाण अधिक. १९३१ साली तेथे धूळ आवरण्याचे नियम झाले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाचे ३३ रोगी वर्णिले. त्यांतील जवळजवळ सर्वांचा संबंध तेथील ॲस्बेस्टॉसच्या मुलखाशी होता, आणि त्यांतील काही खाणीत कधी उतरलेलेही नव्हते.

तारखांचा हा क्रम पाहिला की मन अस्वस्थ होते. पहिली मृत्युवार्ता १९२४ ची. ब्रिटनमधील संपूर्ण बंदी १९९९ ची. युरोपीय संघाने २००५ पासून ती सर्व सदस्यदेशांत लागू केली. अमेरिकेत १९८९ साली काढलेली बंदी १९९१ साली न्यायालयाने मुख्यतः रद्द ठरविली, आणि क्रिसोटाइल या प्रकारावर बंदीचा नियम निघावयास २०२४ साल उजाडले. एवढा विलंब का झाला? याचे एक कारण रोगाच्या स्वभावातच आहे. धागा छातीत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी तो आपला हिशेब मांडतो. ज्याच्या सहीने माल घेतला तो तोवर निवृत्त झालेला असतो आणि फाईल नष्ट झालेली असते. दुसरे कारण असे की धोका एका ठिकाणी होता व लाभ दुसरीकडे : मोटारीत बसणाऱ्याला तो पदार्थ वाचवीत होता, मारीत होता तो विणणाऱ्याला, कापणाऱ्याला, खाणीतून काढणाऱ्याला.

ब्रेकची दुरुस्ती करणाऱ्याचे काय? येथे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि ते झाकून ठेवू नयेत. घर्षणाच्या उष्णतेने धाग्याचा बराचसा अंश निरुपद्रवी खनिजात बदलतो, म्हणून ड्रममधली सगळीच धूळ सारखी घातक नसते. परंतु नवी पट्टी जोड्याच्या मापाने घासताना, तिला रिव्हेटची भोके पाडताना आणि हवेच्या झोताने ड्रम साफ करताना धागे उडतात, यात शंका नाही. जुन्या गॅरेजांतून ही कामे रोज होत व कोणी नाकाला फडकेही बांधीत नसे. आमच्या मिस्त्रींना मी विचारले तेव्हा ते म्हणाले की तरुणपणी ते ड्रम उघडला की प्रथम फुंकर मारून धूळ काढीत. त्यांच्या उस्तादांनी तसेच शिकविले होते. त्यांच्या खोकल्याचे कारण काय हे सांगण्यास मी काही वैद्य नव्हे. पण त्यानंतर तो खोकला मला पूर्वीसारखा ऐकू येईना, एवढे खरे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधी दिलेला निर्णय येथे आठवला पाहिजे. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने आज्ञा केली की कारखानदारांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून निदान चाळीस वर्षे, अथवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी. रोगाच्या गतीचे भान असलेली ही आज्ञा आहे. कागद जपण्यात माझा जन्म जात असल्यामुळे तिचे मोल मला थोडे अधिक जाणवले. तथापि बाहेरून येणाऱ्या क्रिसोटाइलचा वापर आपल्या देशात सरसकट बंद झालेला नाही. म्हणून ज्या डब्यावर काहीच लिहिलेले नाही, त्यात काय आहे हे डोळ्यांनी पाहून कळत नाही.

इकडे ब्रेकची रचनाही बदलली होती. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉप कंपनीचे तबकडीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने बाजी मारली. वळणापाशी इतरांच्या मानाने उशिरा ब्रेक दाबूनही ती वेळेत मंदावे, कारण उघडी तबकडी वाऱ्याने थंड होते आणि तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाही. १९५५ साली सिट्रोएन कंपनीने आपल्या ‘डी. एस.’ मोटारीच्या पुढच्या चाकांना हाच ब्रेक दिला, आणि लँचेस्टर यांची अर्धशतकापूर्वीची तबकडी सर्वसामान्यांच्या दारी आली. आता अस्तर पट्टीच्या रूपात न राहता पोलादी पाठीवर चिकटविलेल्या वडीच्या रूपात, म्हणजे पॅड म्हणून, मिळू लागले.

ॲस्बेस्टॉसच्या जागी काय घ्यावे, या प्रश्नाची मुख्यतः तीन उत्तरे निघाली आणि तीच आज दुकानात आपल्यापुढे येतात. पहिला प्रकार ‘ऑरगॅनिक’ : यात कृत्रिम व खनिज धागे, रबर आणि राळ एकत्र दाबलेली असते. हा प्रकार मऊ व आवाज न करणारा असून तबकडीला जपणारा आहे. पण लवकर झिजतो आणि फार तापला तर पकड सोडतो. यात, आणि इतर प्रकारांतही, एक घटक असा असतो की तो वाचून कोकणच्या माणसाने चकित व्हावे. काजूच्या बीच्या टरफलातील ज्या तेलाने लहानपणी बिया भाजताना आपल्या बोटांची कातडी गेली, तेच तेल घट्ट करून त्याची भुकटी ब्रेकच्या मिश्रणात घालतात. तिच्यामुळे घर्षण एकसारखे राहते. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले झाड अशा रीतीने जगभरच्या मोटारी थांबविण्यास हातभार लावीत आहे. दुसरा प्रकार ‘सेमी-मेटॅलिक’ : यात पोलादाचे धागे व लोखंडाची पूड भरपूर असते. उष्णता हा प्रकार उत्तम सोसतो, म्हणून घाटासाठी व अवजड गाड्यांसाठी तो सोयीचा. मात्र आवाज करतो, तबकडी अधिक झिजवितो आणि थंड असताना काहीसा आळशी असतो. तिसरा ‘सिरॅमिक’ : १९८० नंतर पुढे आलेला, शांत, कमी काजळी टाकणारा, टिकाऊ, आणि महाग.

या नव्या उत्तरांतही एक जुनी चूक डोकावली. उष्णता वाहून नेण्यासाठी अनेक पॅडांत तांबे घालीत. झिजलेले तांबे पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत उतरते आणि सामनसारख्या माशांना अपाय करते, असे आढळल्यावर २०१० साली अमेरिकेतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी पॅडांतील तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. २०२४ साली युरोपने ब्रेकच्या धुळीवरच मर्यादा घातली. ब्रेकमधून जे झिजते ते कोठे तरी जाते, हा हिशेब आता प्रथमच सुरुवातीपासून ठेवला जात आहे.

आता निवडीविषयी, वाचकांच्या सोयीसाठी, थोडक्यात. मोटार बनविणाऱ्याने ज्या जातीचा पॅड दिला असेल तीच जात घेणे सामान्यतः हिताचे. घाटात नित्य जाणाऱ्याने उष्णता सोसणारा प्रकार आहे ना, हे विचारावे. पुष्कळ पॅडांच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात : पहिले साधारण तापमानातील पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘ई’पेक्षा ‘एफ’ व ‘एफ’पेक्षा ‘जी’ वरचढ. दुसरे अक्षर पहिल्याहून खालचे असेल, तर तापल्यावर पकड कमी होते असे समजावे. एका आसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत, नाही तर मोटार एका बाजूला ओढते. अस्तर तीन मिलिमीटरांवर आले की वाट पाहू नये. तबकडीची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते; ती मोजून घ्यावी. धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. नवे पॅड बसविल्यावर मोटार हलविण्यापूर्वी ब्रेकची पट्टी घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावी, कारण पहिली एक-दोन दाबणी पोकळ जातात. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराने ब्रेक न लावता पॅड व तबकडी यांची ओळख होऊ द्यावी.

फाईलची गोष्ट पुरी करतो. सर्वांत स्वस्त डब्यावर ना अक्षरे होती, ना घटकांचा उल्लेख. ॲस्बेस्टॉस नाही असे लेखी द्या, म्हणून मी विचारले. त्या दुकानदाराने उत्तर दिले नाही. मधल्या दराचा माल मूळ मोटारीच्या जातीचा होता, त्यावर अक्षरे होती, आणि तसा लेखी दाखलाही मिळाला. समितीने तो घेतला. लेखाशाखेने नियमाप्रमाणे शेरा मारला, “किमान दर का डावलला?” मी दोन परिच्छेदांचे उत्तर लिहिले, या लेखाचा सारांश म्हणता येईल असे. ते मान्य झाले. प्रमाणपत्रातील ते ठराविक वाक्य त्या दिवशी मी प्रथमच अर्थ समजून लिहिले.

पॅड बसविण्याच्या दिवशी मी मुद्दाम गॅरेजात गेलो. मिस्त्री खुर्चीवर बसून सांगत होते व एक पोरगा काम करीत होता. चाक उतरताच सवयीने तो तोंड जवळ नेऊन फुंकर मारावयास वाकला. मिस्त्रींनी काठीने त्याच्या खांद्याला स्पर्श केला आणि पाण्याची बादली पुढे सरकविली.